रिओ टिंटो: कोकमाच्या रंगाची नदी आणि महाराजाचा डबा

शेअर मार्केटवाल्यांना रिओ टिंटो म्हणजे ऑस्ट्रेलियात लोखंड काढणारी अवाढव्य कंपनी, मलाही तेवढंच माहीत होतं. हे नाव मुळात स्पेनमधल्या एका नदीचं आहे हे सेवियाची ट्रिप ठरवताना कळलं, मग म्हटलं बघूनच येऊ. गाडीने तासा-सव्वातासात मिनास दे रिओतिंतो गाव येतं. म्युझियम, जुनी ट्रेन, पेन्या दे हिएरो खाण आणि कासा 21, एका दिवसात सगळं होतं पण पळापळ होते.

ट्रेन पोरांना आवडणारच. 1873 साली रिओ टिंटो या ब्रिटिश कंपनीने स्पॅनिश सरकारकडून खाणी विकत घेतल्या आणि लगेच उएल्वा बंदरापर्यंत 84 किमी रूळ टाकले, त्यातला थोडा तुकडा आता चालतो. शेजारून नदी, आणि पाणी अक्षरशः कोकमाच्या आगळासारखं लालभडक. लोखंड आणि ॲसिड इतकं की मासा जगत नाही, मंगळासारखी जागा म्हणून नासावाले पण इथे येऊन अभ्यास करून गेलेत.

म्युझियम कंपनीच्या जुन्या हॉस्पिटलात आहे. तिथला 'महाराजाचा डबा' म्हणजे रेल्वेचा डबा चुकवू नका, व्हिक्टोरिया राणीच्या भारतदौऱ्यासाठी 1892 ला बर्मिंगहॅममधे बनवला म्हणतात. राणी काही भारतात आली नाही, महाराजा पण कोणी बसला नाही, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच!

कासा 21 म्हणजे साहेबांच्या वस्तीतलं घर. फायरप्लेस, चहाचे कप, सगळं आपल्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यासारखं. वस्तीला भिंत, खाणकामगारांना आत मज्जाव, आणि साहेबाने स्पॅनिश बाईशी लग्न केलं तर त्याला पण बाहेर काढायचे म्हणे.

पण मला लागलं ते 1888 चं. तांब्याचं खनिज उघड्यावर ढीग रचून महिनोन्महिने जाळायचे, गंधकाचा धूर गावावर बसायचा, धूर फारच झाला की काम बंद आणि त्या दिवसाचा पगार अर्धा! म्हणजे धूर कंपनीचा आणि पैसे कापायचे कामगाराचे. 4 फेब्रुवारीला कामगार आणि आसपासचे शेतकरी बायकापोरांसकट चौकात जमले आणि सैन्याने गोळ्या घातल्या. सरकारी आकडा 13, लोक शंभराच्या वर सांगतात. हे वाचून मग कासा 21 मधे गेलो तर ते चहाचे कप वेगळेच दिसायला लागले, म्हणून सांगतो आधी म्युझियम करा, मग घर.

1954 ला कंपनीने खाणींचा मोठा हिस्सा स्पॅनिश लोकांना विकला. आज तिथे तांबं काढणारी कंपनी वेगळीच आहे. नाव तेवढं रिओ टिंटोने सोबत नेलं, आणि 2020 मधे ऑस्ट्रेलियात जूकन गॉर्जच्या हजारो वर्षं जुन्या गुहा सुरुंगाने उडवल्या तेव्हा पेपरात याच लाल नदीचं नाव होतं.

पाचपैकी साडेचार. जुलै-ऑगस्टमधे जाऊ नका, ऊन भाजून काढतं, आणि पांढरे बूट तर अजिबात घालू नका.