यकृताचा कॅन्सर परत आल्यावर दुसरं ऑपरेशन : एका उपचाराचं परीक्षण

गाठ पूर्ण निघाली, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात कडा स्वच्छ आल्या, आणि तरीही काही महिन्यांनी स्कॅनवर नवा डाग दिसला, असं या आजारात वारंवार घडतं. यकृताच्या स्वतःच्या पेशींतून होणारा कॅन्सर, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, गाठ कापून काढल्यावर पाच वर्षांत साधारण ७० टक्के रुग्णांत परत येतो. तेव्हा यकृताचा तुकडा पुन्हा कापणं (रिपीट हेपॅटेक्टॉमी) हा एक पर्याय पुढे येतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो : योग्य रुग्णात हा चांगला उपचार आहे, चुकीच्या रुग्णात घातक आहे, आणि या दोघांतला फरक गाठीच्या आकारापेक्षा ती कधी परतली आणि उरलेल्या यकृतात किती दम आहे यावर ठरतो.

आधी वेळ. दोन वर्षांच्या आत परतलेला आजार बहुतेकदा जुन्याच गाठीचा असतो. पहिल्या ऑपरेशनच्या आधीच पेशी पोर्टल शिरेच्या (आतड्यांतलं रक्त यकृतात आणणाऱ्या शिरेच्या) बारीक फांद्यांतून यकृतात इतरत्र पोचलेल्या असतात आणि स्कॅनला दिसण्याइतक्या मोठ्या व्हायला त्यांना वेळ लागतो. दोन वर्षांनंतर उगवलेली गाठ मात्र पुष्कळदा नवीच असते. सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रणांनी कडक पडलेल्या यकृतात कुठेही नवा कॅन्सर तयार होऊ शकतो. दुसऱ्या ऑपरेशनचा खरा फायदा या उशिरा आलेल्या, एकट्या गाठीला होतो. सहा महिन्यांत तीन-चार ठिकाणी उगवलेल्या आजारावर सुरी चालवली तर जखम भरेपर्यंत पाचवी गाठ दिसते. म्हणून दुसरं मत घ्यायला जाताना पहिल्या ऑपरेशनचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट आणि ऑपरेशन नोट बरोबर असायलाच हवी. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव होता का, मुख्य गाठीभोवती उपगाठी होत्या का, कडेपासून अंतर किती होतं, या तीन ओळी निर्णय फिरवू शकतात. जी टीम हे कागद न मागता तारीख देते, तिच्याबद्दल आम्हाला शंका येते.

तपासण्यांत ट्रायफेजिक (औषध शिरेतून देऊन तीन टप्प्यांत काढलेला) सीटी किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय, छातीचा सीटी आणि रक्तातलं एएफपी (या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढणारं प्रथिन) हे धरूनच चाला. गाठ धमनीच्या टप्प्यात उजळते आणि नंतरच्या टप्प्यात भोवतालच्या यकृतापेक्षा काळी पडते, ही कॅन्सरची खूण. मागच्या छेदाच्या कडेला दिसणारा प्रत्येक डाग कॅन्सर नसतो, तिथला व्रण आणि बदललेला रक्तप्रवाह फसवतो. शंका असेल तर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करण्यात कमीपणा नाही.

पण खरी परीक्षा यकृताची. चाइल्ड-प्यू (यकृताची ताकद ए, बी, सी अशी ठरवणारी श्रेणी, ए सर्वांत चांगली) वर्ग 'ए' ही किमान अट समजा. बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) वाढलेलं किंवा पोटात पाणी असेल तर विषय तिथेच संपतो. प्लेटलेट एक लाखाच्या खाली, प्लीहा मोठी, एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या, म्हणजे पोर्टल दाब वाढलेला आहे. तो थेट मोजला आणि यकृत-शिरेतला दाबफरक १० मिमी पाऱ्याच्या वर निघाला, तर ऑपरेशननंतर जलोदर आणि यकृत बंद पडण्याचा धोका स्पष्ट वाढतो. जिथे सोय आहे तिथे आयसीजी चाचणी करतात : हिरवा रंग शिरेतून देऊन १५ मिनिटांनी रक्तात किती शिल्लक राहिला ते पाहायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर मोठा भाग काढता येतो, २० ते २९ टक्के असेल तर जेमतेम एखादा सेगमेंट (यकृताच्या आठ भागांपैकी एक), आणि ४० च्या पुढे गाठ नुसती कोरून काढण्यापलीकडे जाऊ नये.

मग सीटीवरून उरणाऱ्या यकृताचं आकारमान मोजतात. निरोगी यकृतात २० ते २५ टक्के उरलं तरी चालतं. सिरॉसिस असेल तर ४० टक्के हवं. हिशोब चुकतो तो इथे. पहिल्या ऑपरेशननंतर वाढलेलं यकृत स्कॅनवर ऐसपैस दिसतं, आकडा भरतो, पण त्यातला बराच भाग कडक तंतूंचा असतो. आकारमान म्हणजे कार्यक्षमता नव्हे. यकृत कमी पडत असेल तर गाठीच्या बाजूची पोर्टल शीर बंद करून दुसरी बाजू वाढू देतात आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा मोजतात. एवढं करूनही यकृत वाढलं नाही, तर ते मोठं ऑपरेशन झेलणार नाही हे ऑपरेशनशिवायच कळलं असं समजायचं.

प्रत्यक्ष ऑपरेशनात वेळ खातात ते चिकटलेले थर. जुन्या कापलेल्या पृष्ठभागाला मोठं आतडं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग), ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा), वर डायफ्रॅम (छाती-पोटामधला पडदा) घट्ट चिकटलेले असतात, आणि पोर्टल दाब असेल तर त्या चिकटपणातूनच फुगलेल्या शिरा धावतात. आतड्याजवळ कात्रीनेच सोडवावं लागतं. विजेच्या उपकरणाचा चटका त्या क्षणी दिसत नाही, काही दिवसांनी आतड्याला भोक पडून दिसतो. सगळं सोडवत बसायचंही नाही, गाठीपर्यंत पोचण्यापुरतंच. उजवा भाग आधी काढलेला असेल तर उरलेला डावा भाग वाढताना उजवीकडे वळतो आणि यकृताच्या दारातल्या नळ्या आपल्या नेहमीच्या जागी सापडत नाहीत. रक्तस्राव आवरण्यासाठी तिथे फीत घालून १५ मिनिटं प्रवाह थांबवायचा, ५ मिनिटं सोडायचा, ही ठरलेली पद्धत. दुसऱ्या वेळी ती फीत घालणंच कधी कधी जमत नाही. अशा वेळी भूलतज्ज्ञाने मध्यवर्ती शिरेचा दाब ५ मिमीच्या खाली ठेवला तर अर्धं काम होतं. यकृतावर थेट ठेवलेल्या अल्ट्रासाउंडशिवाय हे ऑपरेशन करू नये, कारण सीटीत न दिसलेल्या गाठी तिथे सापडतात आणि बेत टेबलावर बदलतो. पहिलं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं असेल तर चिकटपणा कमी असतो, आणि पृष्ठभागाजवळच्या लहान गाठीसाठी दुसरंही दुर्बिणीतून होऊ शकतं.

तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला मात्र आधी सुईचा विचार करा. रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्हने गाठ जाळण्याची तुलना दुसऱ्या ऑपरेशनशी थेट झाली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या २४० रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत एकूण जगण्यात ठळक फरक निघाला नाही आणि गुंतागुंत ऑपरेशनच्या गटात जास्त होती. मात्र गाठ ३ सेंटिमीटरहून मोठी किंवा एएफपी २०० च्या वर असेल तर पारडं ऑपरेशनकडे झुकलं. सुईची मर्यादाही ठाऊक हवी. मोठ्या रक्तवाहिनीला टेकलेल्या गाठीची उष्णता वाहतं रक्त ओढून नेतं आणि कडेला जिवंत पेशी उरतात. पित्ताशय, आतडं किंवा मुख्य पित्तनलिकेलगत जाळणं जोखमीचं.

यकृत प्रत्यारोपणात गाठ आणि आजारी यकृत दोन्ही जातात, त्यामुळे कॅन्सरच्या हिशोबाने हाच सगळ्यांत भक्कम उपचार. १९९६ च्या मिलान निकषांत (एक गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी ३ सेंटिमीटरच्या आत, मोठ्या शिरेत शिरकाव नाही, कॅन्सर यकृताबाहेर पसरलेला नाही) बसणाऱ्या रुग्णाला निदान एकदा तरी प्रत्यारोपण केंद्रात पाठवायला हवं. एएफपी १००० च्या वर असेल तर बहुतेक केंद्रं आधी ते खाली आणायला सांगतात. जिवंत दात्याकडून मिळणारा भाग रुग्णाच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के हवा, आणि दात्याकडे ३० टक्क्यांहून कमी यकृत राहता कामा नये. आधी ऑपरेशन झालेल्या पोटात प्रत्यारोपणही अवघड जातं, रक्त जास्त लागतं. मधल्या काळात इम्युनोथेरपी घेतली असेल तर शेवटच्या डोसची तारीख टीमला सांगाच. ही औषधं नव्या यकृताला नाकारण्याची प्रतिक्रिया भडकवू शकतात, म्हणून मध्ये काही आठवडे ते तीन महिने अंतर ठेवतात.

ऑपरेशननंतरचे पाच दिवस निर्णायक. तिसऱ्या दिवशी वा त्यानंतर ड्रेनमधल्या (पोटात ठेवलेल्या नळीतल्या) पाण्यातलं बिलिरुबिन रक्तातल्यापेक्षा तिप्पट झालं तर पित्त गळतंय. पाचव्या दिवशी रक्तातलं बिलिरुबिन ३ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर आणि प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्याची चाचणी) ५० टक्क्यांच्या खाली, हे दोन्ही एकत्र आले तर यकृत कोलमडतंय आणि मृत्यूचा धोका बराच वाढलाय. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. सिरॉसिसमध्ये पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत.

'परत येऊ नये म्हणून' गोळी किंवा इंजेक्शन द्यायचं म्हणाले तर आधार विचारा. ऑपरेशननंतर सोराफेनिब ही गोळी देऊन उपयोग झाला नाही, आणि ॲटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब या इंजेक्शनांनी सुरुवातीला दाखवलेला फायदा पुढच्या पाठपुराव्यात टिकला नाही. हेपॅटायटिस बी असलेल्याला टेनोफोविर किंवा एन्टेकाविर हे विषाणूविरोधी औषध मात्र अखंड चालू हवं. पुन्हा उगवण्याचं प्रमाण ते खरोखर कमी करतं, आणि तरी डिस्चार्ज कार्डावर नेमकं तेच लिहायचं राहून जातं. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि एएफपी, नंतर दर सहा महिन्यांनी. एएफपी पहिल्यापासून सामान्यच असेल तर नुसत्या रक्ततपासणीवर भागवू नका, स्कॅन लागतोच.