टाकीचं अडकणारं झाकण: लॉकसेट न बदलता केलेली दुरुस्ती आणि त्यानंतरचे महिने

आधी निकाल सांगतो. मोटरसायकलच्या टाकीचं झाकण चावीला दाद देत नसेल, तर बहुतेक वेळा कुलूप मोडलेलं नसतं. आत घाण बसलेली असते आणि चावी झिजलेली असते. या दोन गोष्टी नीट निस्तरल्या तर जुनंच झाकण पुन्हा कामाला लागतं. माझ्या गाडीवर त्यानंतर हिवाळा, उन्हाळा आणि अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता खात्रीने लिहितोय.

गाडी १५० सीसीची, जुनी, बिजागरीच्या झाकणाची. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा कारेलीबागेत आमच्या पार्किंगमध्ये ती टाकीच्या वरपर्यंत पाण्यात होती. बडोद्यात त्या आठवड्यात असं कितीतरी गाड्यांचं झालं. इंजिन, ऑइल, कार्ब्युरेटर, ब्रेक हे सगळं मेकॅनिकने उघडून साफ केलं, टाकी रिकामी करून धुतली. राहिलं ते झाकणाचं कुलूप. पाणी ओसरल्यावर पुराचा गाळ वाळतो तो पिठासारखा बारीक होतो, आणि कुलपाच्या आत तो कोणाला दिसत नाही. सुरुवातीला चावी जरा जड फिरायची. मग थंडीच्या तोंडावर पंपावर दर वेळची झटापट सुरू झाली. मागे रांग, आणि पंपावरचा पोरगा म्हणतोय, “काका, गाडी बाजु पर लई लो ने.”

मेकॅनिकचं मत पडलं, “आखो लॉकसेट नाखवो पडशे,” म्हणजे सगळा लॉकसेटच नवा घालावा लागेल. त्याचंही चूक म्हणता येणार नाही, कारण त्याला तास-दीड तास एका झाकणावर घालवणं परवडत नाही. पण लॉकसेट म्हणजे इग्निशन, टाकी आणि साइड पॅनल, तिन्ही कुलपं एकदम बदलायची. त्यातली दोन धडधाकट असताना मला ते पटलं नाही. नुसतं बाहेरचं झाकण आणून बसवायचं, तर खिशात दोन चाव्या वागवाव्या लागतात. शिवाय शेजाऱ्यांनी बसवलेलं तसलं स्वस्त झाकण मी पाहिलंय. टाकी भरली आणि ब्रेक मारला की कडेने पेट्रोल झिरपायचं.

या कुलपाची रचना समजून घेतली की इलाज आपोआप सुचतो. नळकांड्यात पातळ पितळी पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात, प्रत्येकीखाली केसाएवढी स्प्रिंग. चावीचे दाते प्रत्येक पट्टीला बरोबर तिच्या उंचीवर आणतात, तेव्हाच नळकांडं फिरतं. एक पट्टी जरी गाळाने जागेवर चिकटली तरी सगळं अडतं. आता यात चावीची बाजू बघा. टाकीला आणि इग्निशनला चावी एकच. वर्षानुवर्षं रोज फिरून तिचे दाते गोल होतात. इग्निशनचं कुलूपही तिच्याबरोबर झिजतं, त्यामुळे तिथे ती चालून जाते. टाकीचं कुलूप आठवड्यातून एकदा फिरणारं, म्हणजे जवळपास नवंच, ते झिजलेली चावी मानत नाही. म्हणून पक्कड लावून चावी पिळू नये. चावी आत तुटली की मग खरंच खर्च वाढतो.

मी पहिल्यांदा घरातली दुसरी चावी शोधली, गाडी घेतली तेव्हा मिळालेली आणि कपाटात तशीच पडून राहिलेली. दोन्ही चाव्या उजेडात एकमेकींवर धरल्या तेव्हा रोजच्या चावीचे कोपरे किती खाल्ले गेलेत ते स्पष्ट दिसलं. न्यायमंदिराच्या बाजूला फुटपाथवर बसणाऱ्या चावीवाल्याकडे गेलो तर त्यानेही आधी तेच विचारलं. म्हणाला, “घसायेली चावी नी नकल पण घसायेली ज थाय,” म्हणजे झिजलेल्या चावीची नक्कलही झिजलेलीच होते. कपाटातल्या न वापरलेल्या चावीवरून नक्कल काढून घेतली आणि मूळ चावी पुन्हा कपाटात ठेवली. नुसत्या या एका कामाने अर्धा त्रास गेला. तुमच्याकडे दुसरी चावी नसेल आणि चावीवर किंवा तिच्यासोबतच्या बिल्ल्यावर नंबर असेल, तर तो आजच लिहून ठेवा.

मग सफाई. झाकणाच्या गोल कड्यावर अ‍ॅलनचे (डोक्यात षट्कोनी खाच असलेले) बरेच बोल्ट दिसतात, पण त्यातले दोन-तीनच खरे असतात, बाकी शोभेचे. कोणते फिरतात ते हाताला लगेच कळतं. इंजिन गार, गाडी मोकळ्या हवेत, आसपास विडी-काडी नाही, आणि टाकीच्या तोंडात स्वच्छ फडका. हा फडका विसरू नका, बोल्ट टाकीत पडला तर दिवस जातो. झाकण सुटून हातात आल्यावर खालचे बारीक स्क्रू काढताना हात आणि झाकण एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काढा. आत दाबलेल्या स्प्रिंगा असतात, उडाल्या तरी पिशवीतच राहतात. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. रबर वेगळं काढून ठेवलं, कुलपाच्या भागावर कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा, लगेच उडून जाणारा स्प्रे) मारला, चावी आत-बाहेर केली, पुन्हा मारला. पहिल्यांदा चहाच्या रंगाचं पाणी निघालं. विश्वामित्रीचा गाळ इतक्या महिन्यांनी! स्वच्छ थेंब येईपर्यंत हे चालू ठेवलं, सायकलच्या पंपाने हवा मारली आणि उन्हात नाही, सावलीत सुकवलं.

वंगण कोणतं, यावर प्रत्येकाचं वेगळं मत असतं. माझं ठाम मत ग्रॅफाइटची कोरडी पावडर. शिलाई मशीनचं तेल पहिल्या दिवशी छान वाटतं, पण ओलं तेल धूळ धरून ठेवतं, आणि आपल्या रस्त्यांवर धुळीची कमी नाही. खोबरेल तेल तर मुळीच नको. ते २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं, म्हणजे उत्तरायणाच्या, आपल्या संक्रांतीच्या, सुमारास सकाळी कुलपात घट्ट लोणी भरल्यागत होणार. पाणी हटवणारे स्प्रे ओलं कुलूप सोडवायला उत्तम, माझ्याही घरात असतो, पण तो पहिला उपचार आहे, कायमचं वंगण नाही. ग्रॅफाइट सुकं असतं आणि त्याचे थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे धूळ धरत नाही. रावपुऱ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात छोटी नळी मिळाली, दीडशे रुपयांच्या आत. चिमूटभर फुंकायची, चावी भरपूर वेळा आत-बाहेर करायची, फडक्याने पुसायची. पुसायचं टाळलं तर खिसा काळा होतो आणि तो डाग सहज निघत नाही. हीच पावडर इग्निशनमध्ये मात्र घालू नका. ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि त्या कुलपाच्या खालीच स्विचचे संपर्क असतात.

झाकणाच्या दोन जिभा, ज्या टाकीच्या तोंडात अडकतात, त्यांच्या सरकण्याच्या जागेवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. रबराचं निरीक्षण करा. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्याने फुगू शकतं. माझं एका बाजूला फुगीर झालं होतं, म्हणून झाकण बसायलाही जोर लागायचा. तेवढं नवं टाकलं.

आता ज्याकडे कोणी बघतच नाही ते. झाकणाभोवतीच्या खळग्यात एक बारीक भोक असतं, पावसाचं पाणी त्यातून टाकीतल्या नळीने खाली रस्त्यावर जातं. ते गाळाने गच्च बुजलं होतं. क्लचच्या जुन्या वायरीचा एकच तंतू सोडवून हळूहळू आत सारला, मग थोडं पाणी सोडलं आणि इंजिनच्या मागे जमिनीवर ठिपके पडले तेव्हा जीव भांड्यात पडला. हे भोक बंद राहिलं तर पाणी खळग्यात साचतं आणि झाकण उघडलं की थेट टाकीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, प्रमाण वाढलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि इंजिनला पहिलं तेच जातं.

दुसरं, झाकणातला हवेचा मार्ग. पेट्रोल कमी होतं तशी टाकीत हवा जायला हवी. माझी गाडी पुरानंतर हायवेला काही किलोमीटर गेल्यावर घुटमळायची, पाच मिनिटं उभी केली की पुन्हा ठीक. कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाला. तसं बंद पडल्यावर झाकण उघडलं की हवा आत ओढल्याचा ‘स्स्’ असा आवाज यायचा, तिथेच उत्तर होतं. झाकण साफ केल्यापासून ते घुटमळणं पूर्ण थांबलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाची सर्वात मोठी कमाई हीच.

महिन्यांचा हिशोब असा. हिवाळ्यात एकदाही अडकलं नाही. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की टाकीत दाब वाढून झाकण वर ढकललं जातं आणि जिभांवर ताण येतो. अशा वेळी तळहाताने झाकण खाली दाबून मग चावी फिरवायची. हे एक वळण हाताला लागलं की अर्ध्या तक्रारी उरत नाहीत. पावसाळ्यात, सलग झड लागली तेव्हा, चावी पुन्हा किंचित जड झाली. पावडर पुन्हा घातली आणि सुटली. म्हणजे एकदा केलं आणि विसरलं असं हे काम नाही, ऋतू बदलला की दोन मिनिटं द्यावी लागतात. वॉशिंगला गाडी देताना चावीच्या भोकावर चिकटपट्टी लावून देतो, कारण प्रेशरचं पाणी बरोबर तिथेच घुसतं. आणि वॉशिंगवाल्याला खळग्यात फवारा मारू नको म्हणून सांगतो. तो ऐकतो.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. चावीच्या भोकावरची लहान सरकती पट्टी स्प्रिंग मऊ झाल्यामुळे पूर्ण बंद होत नाही. तेवढी वेगळी मिळत नाही, त्यामुळे पार्क करताना टाकीवर कव्हर ओढतो.

हा सगळा इलाज चावी फिरतच नाही किंवा अडखळत फिरते, त्यांच्यासाठी आहे. चावी मोकळी गरगर फिरते पण झाकण उचललं जात नाही, असं असेल तर आतला आस किंवा जीभ तुटलेली आहे. तिथे ग्रॅफाइट काही करणार नाही. झाकणाच्या खालचे स्क्रू झाकण बंद असताना हाताला लागत नाहीत, तेव्हा जबरदस्ती न करता चावीवाल्याला गाडीपाशी बोलवा आणि मग झाकण नवंच घ्या, कंपनीचं.