‘फाइन आर्ट प्रिंट’ सेवा: कागद उत्तम, ‘ऑटो’ मात्र बंद ठेवा

फोटो अपलोड करायचा, कागद आणि आकार निवडायचा, प्रिंट घरपोच येतो. सेवा एवढीच. दावा मात्र मोठा आहे, ‘तुमच्या फोटोची कलाकृती करून देऊ.’ म्हणून मी मुद्दाम दोन अगदी वेगळ्या जातीचे फोटो पाठवले.

एक समुद्रावरचा सूर्यास्त. फोनवर ज्याला दाखवावा तो ‘वा!’ म्हणतो. दुसरा वाळत घातलेल्या चादरीचा. मागून ऊन, चादरीवर एका बाईची सावली, आणि कडेला चादर धरलेली फक्त चार बोटं. अर्धी चौकट जवळजवळ काळी. हा पाहून लोक विचारतात, ‘यात आहे कोण?’

कागदाबद्दल तक्रार नाही. मॅट कॉटन रॅग (कापसाच्या धाग्यांचा, न चकाकणारा कागद), सुमारे ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे चांगला जाड), पिगमेंट शाई (रंगाच्या बारीक कणांची). ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन) नसल्यामुळे पांढऱ्याला किंचित दुधाळ झाक आहे, ती मला आवडली.

सूर्यास्त या कागदावर साफ फसला. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद अंगावर पडलेला उजेडच परत देतो. शिवाय तो जळजळीत नारिंगी मॅट कागदाला झेपत नाही. यात सेवेचा दोष नाही. त्यांचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतील हे सांगणारी फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईची स्क्रीनवरची झलक, पाहिली की हे आधीच दिसतं. पण रंग उतरल्यावर त्या फोटोत काही उरलंच नाही, हे जास्त बोलकं आहे. जे होतं ते सूर्याचं होतं. फोटो घेणाऱ्याने काय ठेवायचं, काय टाकायचं, याचा विचारच केला नव्हता (घेणारी मीच).

चादरीच्या फोटोत तो विचार होता, आणि नेमका तोच या सेवेने पुसला. ऑर्डरच्या पानावर ‘ऑटो एन्हान्स’ला, म्हणजे फोटो आपोआप ‘सुधारण्याच्या’ पर्यायाला, आधीपासूनच टिक असते. तिने अंधार उजळून दिला. मागची बादली, नळाचा पाइप, चिमट्यांची टोपली, सगळं लख्ख. आता सगळं दिसत होतं आणि बघण्यासारखं काही नव्हतं. तक्रारीवर उत्तर आलं की ‘तपशील सुधारला आहे’. पुन्हा लिहिल्यावर मात्र दुसरा प्रिंट मोफत दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा १९४१ सालचा फोटो आहे. त्या एकाच निगेटिव्हवरून तो पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग आहेत. नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळं आहे. निगेटिव्हमध्ये असलेले ढग त्याने डार्करूममध्ये जाणूनबुजून गडद करून बुडवले. एखाद्या ‘ऑटो’ने ते इमानेइतबारे परत आणले असते.

टिक काढून आलेला दुसरा प्रिंट झकास आहे. मॅट कागदावर काळा फार खोल जात नाही. काळ्याची घनता मोजली (आकडा मोठा तितका काळा गडद) तर १.६-१.७ च्या आसपास थांबते, बराइटा या चकाकी असलेल्या कागदावर २ च्या वर जाते. म्हणून बराइटावरही मागवून पाहिला. काळा खरंच जबरदस्त, पण खिडकीची तिरीप पडली की बोटं चकाकीत हरवतात. या फोटोला मॅटच हवा.

आकाराच्या बाबतीत त्यांचं ऐकू नका. साइट प्रत्येक टप्प्यावर ‘आणखी मोठा घ्या’ म्हणते. मी चादरीचा फोटो लहान ठेवला, भोवती रुंद पांढरी कड. त्यामुळे माणूस जवळ जातो, आणि मगच त्याला बोटं सापडतात. भिंतभर केला असता तर ती दारातूनच दिसली असती.

सोबत ‘अस्सलतेचं प्रमाणपत्र’ आणि पांढरे हातमोजे येतात. प्रमाणपत्र सूर्यास्तालाही मिळालं!

फ्रेम त्यांच्याकडून घेऊ नका. साधी चकचकीत काच लावतात, म्हणजे मॅट कागद निवडण्यात अर्थच राहत नाही, आणि प्रिंट काचेला थेट चिकटवतात. मधे माउंट बोर्ड (काच आणि प्रिंट यांत अंतर ठेवणारा जाड पुठ्ठा) हवा, तो दुसरीकडून करून घ्या. कागद आणि छपाईला पाचपैकी साडेचार, फ्रेमला एक.