एचडीआर करून बघायचंय: तीन फ्रेम जोडाव्यात की एकच रॉ उचलावी?

एचडीआर, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद सावली दोन्ही एकाच फोटोत नीट आणणं, करून बघावं असं मनात आलं की हल्ली सॉफ्टवेअरची अडचण येत नाही. गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. ब्रॅकेटिंग लावून, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरच्या, तीन फ्रेम घ्याव्यात आणि घरी जोडाव्यात, की आकाश सांभाळून एकच रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) घ्यावी आणि सावल्या नंतर उचलाव्यात? मी बरीच वर्षं दोन्ही करत आलोय आणि दोन्हींपैकी काहीच सोडलेलं नाही. तरी डोंगरावर कॅमेरा हातात घेतला की ओढा एकाच पर्यायाकडे असतो. त्याचं कारण सांगतोच, पण आधी दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट मांडायला हवं, कारण त्यात दम आहे.

एक स्टॉप वाढवला की प्रकाश दुप्पट होतो, म्हणून अधिक दोन स्टॉपच्या फ्रेममध्ये सावलीतल्या प्रत्येक पिक्सेलला चौपट प्रकाश मिळतो. प्रकाश चौपट झाला की नॉइजच्या, म्हणजे फोटोतल्या नको असलेल्या दाण्याच्या, तुलनेत सिग्नल साधारण दुप्पट होतो. हा फायदा शटर उघडं असतानाच पदरात पडतो, नंतर कितीही स्लायडर ओढले तरी मिळत नाही. कल्पनाही जुनी आहे. १८५०च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह एकाच प्रिंटवर उतरवत होता, कारण एका निगेटिव्हमध्ये दोन्ही धड येतच नव्हतं. १९९७मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक (हे आपल्या आयआयटी कानपूरचे) यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंमधून दृश्यातला मूळ प्रकाश गणिताने कसा काढायचा ते दाखवलं. २००७मध्ये मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांचं एक्स्पोजर फ्यूजन आलं. त्यात प्रकाशाचा नकाशा बनवायची भानगडच नाही. ज्या फ्रेममध्ये जो भाग नीट उजेडात आहे, जिथे रंग आणि बारकावे शाबूत आहेत, तिथे त्या फ्रेमला जास्त वजन द्यायचं आणि सगळं मिसळायचं. हगिन या सॉफ्टवेअरसोबत येणारं एन्फ्यूज हेच काम करतं आणि ते फुकट आहे.

तीन फ्रेमच्याच वाटेने जायचं ठरलं असेल तर माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की फ्यूजन वापरा किंवा लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये मर्ज करून (फ्रेम जोडून) मिळणारी डीएनजी फाइल नेहमीच्या रॉसारखी हाताळा. जोरकस टोन मॅपिंगपासून, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला पडद्यावर मावेल असा दाबून बसवण्यापासून, लांब राहा. मंदिराच्या शिखराभोवती उजळ वलय, पांढऱ्या ढगांच्या पोटात काजळी, माणसांचे चेहरे मळकट, या सगळ्याने एचडीआरचं नाव बरंच खराब झालेलं आहे. त्यात दोष तीन फ्रेम घेण्याचा नव्हता, नंतरच्या हव्यासाचा होता.

या पद्धतीचं खरं मोल लेण्यांत कळतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात आत उभं राहून दाराकडे बघा. मोठ्या कमानीतून येणारा उजेड, वर छताच्या प्राचीन लाकडी फासळ्या, खांबांच्या माथ्यावरचे हत्ती आणि स्वार, आणि खांबांमागची जवळपास काळोखी वाट. उजेड-अंधाराचा हा पल्ला चांगल्या सेन्सरच्याही हाताबाहेर जातो. कमान वाचवून घेतलेल्या एका रॉमधून खांबांमागची भिंत उचलायला जाल तर तिच्यावर जांभळट झाक आणि डाग येतात, दगडाचा पोत विरघळून जातो. तीन फ्रेमच्या मर्जमध्ये तीच भिंत दगड वाटते, तिच्यावरचे छिन्नीचे घाव दिसतात. दगड हलत नाही ही तिथली सर्वांत मोठी सोय. माणसं मात्र हलतात, आणि दारातच एकवीरा आईचं देऊळ असल्यामुळे गर्दी असतेच. शिवाय केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी काढावी लागते. म्हणजे हातात धरूनच ब्रॅकेटिंग करायचं. मधली फ्रेम १/६० सेकंदाची असेल तर अधिक दोनची १/१५ची होते, आणि तिथे श्वास रोखून खांबाला टेकावं लागतं. स्टॅबिलायझेशन असेल तर निभावतं.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला, ती.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी जे गेलेत त्यांना तिथला वारा माहीत आहे. दरीतून वर येतो आणि थांबायचं नाव घेत नाही. समोर मावळतीचं आकाश, खाली कड्याची अंधारी वाटी आणि अगदी पुढे काठावरचं सोनेरी गवत. एचडीआरसाठी याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही. पण ते गवत तिन्ही फ्रेममध्ये तीन जागी असतं. सरळ मर्ज केलं की प्रत्येक पात्याला दोन-दोन भुतं चिकटतात. म्हणून डिघोस्ट, म्हणजे ही भुतं काढायची सोय, लावायचं. लाइटरूममध्ये ते कमी, मध्यम आणि जास्त असं मिळतं, आणि सॉफ्टवेअरने कुठे हात लावला ते लाल थराने दाखवायचीही सोय आहे. माझ्या कोकणकड्याच्या फोटोत पुढचं जवळपास सगळं गवत लाल झालं होतं.

तो लाल भाग शंभर टक्क्यांवर मोठा करून बघितला तेव्हा खरी गोम कळली. डिघोस्ट करताना सॉफ्टवेअर हलणाऱ्या भागापुरती एकच फ्रेम निवडतं, बाकीच्या तिथून काढून टाकतं. दुसरा इलाजच नसतो. त्यामुळे त्या तुकड्यात एकाच फ्रेमचा दाणा राहतो आणि शेजारच्या खडकात तिन्ही फ्रेमचा गुळगुळीतपणा. मधली सीमा ठरते गवताच्या हलण्याप्रमाणे, म्हणजे कशीही वेडीवाकडी. फोनवर ती कळत नाही. ए-थ्री प्रिंट काढली की मला ती दिसायची आणि एकदा दिसली की नजर तिथून हलायची नाही. मग त्याच संचातली सर्वांत अंधारी फ्रेम एकटी उघडली आणि सावल्या उचलल्या. दाणा थोडा होता, पण सगळीकडे सारखा होता. गवताची पाती धारदार होती. आकाश तर मुळात त्याच फ्रेममधलं. जो भाग मला सर्वांत प्रिय, तो मर्जमध्येही शेवटी एकाच फ्रेममधून येणार असेल, तर बाकीच्या दोन फ्रेम माझ्यासाठी नेमकं काय करत होत्या, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

सह्याद्रीत हलत नाही असं फार थोडं असतं. किल्ल्यावरचा भगवा, पावसाळ्यातलं धुकं, कास पठारावरची फुलं, धबधबा, कठड्यावर बसलेली पोरं. ही सगळी डिघोस्टची गिऱ्हाइकं.

एक रॉ घ्यायची तर शिस्त मात्र हवी. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) बेसवर, म्हणजे मूळ आकड्यावर, बहुतेक कॅमेऱ्यांत १००. तो दुप्पट केला की पल्ल्यातला साधारण एक स्टॉप जातो, त्यामुळे ८००वर ही पद्धत लंगडी पडते. एक्स्पोजर ठरवायचं ते आकाशाकडे बघून: हायलाइटची (सर्वांत उजळ भाग जळाल्याचा इशारा देणारी पडद्यावरची) लुकलुक जेमतेम थांबेल इतकं, त्याहून खाली नाही. विनाकारण अंधारी घेतलेली प्रत्येक पायरी सावलीत नॉइज होऊन परत येते. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) जेपेगवरून काढलेला असतो, म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रलवर ठेवली तर तो रॉच्या जरा जवळ जातो. आणि १४ बिट रॉचा पर्याय असेल तर तोच निवडा.

यात कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे, हे कबूल करायला हवं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक एपीएस-सी आणि फुल फ्रेम सेन्सरचा रीडआउट (सेन्सरवरून माहिती वाचणं) इतका स्वच्छ आहे, की बेस आयएसओवर तीन-साडेतीन स्टॉप सावली उचलली तरी चालून जातं. निदान माझ्या डोळ्यांना चालतं. पण जुन्या काही कॅमेऱ्यांत दोन स्टॉप उचलले की सावलीत आडवे-उभे पट्टे उमटतात. हे पट्टे साध्या दाण्यासारखे नसतात, ते झाकता येत नाहीत. तुमचा कॅमेरा तसा असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ब्रॅकेटिंग शिका. घरातल्या खिडकीचा एक फोटो आकाश सांभाळून घ्या आणि खोलीचा कोपरा उचलून बघा, लगेच कळेल.

फोनचं काय, असं कोणीतरी विचारणारच. फोनमधलं एचडीआर आता खरोखर चांगलं आहे, पण छंद म्हणून करायचं तर त्यात आपल्या हातात फारसं उरत नाही. तरी त्यातून शिकण्यासारखं एक आहे. गुगलच्या फोन कॅमेऱ्यातल्या सुरुवातीच्या एचडीआर प्लसमध्ये कमी-जास्त एक्स्पोजरचं ब्रॅकेटिंग नव्हतंच. हायलाइट वाचतील अशा एकाच कमी एक्स्पोजरच्या अनेक फ्रेमचा बर्स्ट (लागोपाठ फोटोंचा झपाटा) घ्यायचा, त्या जोडून नॉइज खाली आणायचा आणि मग सावल्या उचलायच्या. सारख्या एक्स्पोजरच्या फ्रेम एकमेकींवर बसवायला सोप्या जातात म्हणून. पुढे त्यांनीही ब्रॅकेटिंग आणलं, पण आधी आकाश वाचवा आणि सावलीचं नंतर बघा, ही दिशा मला माझ्या एका रॉच्या फार जवळची वाटते.

तेव्हा तुमचा ओढा लेणी, वाड्यांचे दिवाणखाने, देवळांचे सभामंडप अशा आतल्या जागांकडे असेल तर तीन फ्रेमला पर्याय नाही, आणि त्या घ्यायची सवय पहिल्यापासून लावा. उघड्यावर, वाऱ्यात, माणसांत फोटो काढणार असाल तर मी एका रॉच्या बाजूने झुकेन. अजून ठरत नसेल तर ब्रॅकेटिंग सुरू ठेवा, पण घरी आल्यावर मर्जचं बटण दाबण्याआधी सर्वांत अंधारी फ्रेम एकटी उघडा. हायलाइट जपून घेतलेली तीच आहे. सावली सुमारे तीन स्टॉप वर न्या आणि सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बघा. तिथे दगड दगडासारखा आणि झाड झाडासारखं दिसत असेल तर पुढे जाऊ नका. तो कोपरा चिखल झाला असेल तर बाकीच्या दोन फ्रेम कार्डावर आहेतच.