मोकळ्या तारांचे औदासीन्य

‘अमेरिकन फुटबॉल’ या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम १९९९ साली निघाला. तो करणारी तीन मुले तेव्हा इलिनॉयमधील अर्बाना-शँपेन येथे विद्यापीठात शिकत होती आणि अल्बम येतो न येतो तोच बँड मोडलाही. मुखपृष्ठावर वरच्या मजल्यावर दिवा लागलेले, खालून टिपलेले एक साधे पांढरे घर आहे. शिक्षण संपवून गाव सोडताना मागे राहते तसले.

या अल्बममधले दुःख शब्दांत नाही, ते तारा मिळवण्यात आहे, असे माझे मत आहे. आम्हा सांगलीकरांना मिरजेची सतारमेकर गल्ली हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तंबोऱ्याच्या मोकळ्या तारा आपापसांत कशा घुमतात हे लहानपणापासून कानावर असते. ‘नेव्हर मेन्ट’ या पहिल्याच गाण्यात गिटारची सहावी आणि दुसरी तार अर्ध्या स्वराने चढवलेली, तर चौथी एका स्वराने उतरवलेली आहे. त्यामुळे डावा हात न लावता सहाही तारा छेडल्या तरी एक गोड, पण पुरता विसावा न देणारा स्वरमेळ उमटतो. त्या आधारावर दोन गिटारी एकमेकींत अशा गुंफल्या आहेत की कोणती कुठे थांबली हे तीन-चार वेळा ऐकूनही मला नीट सांगता आले नाही. मध्येच ड्रम वाजवणारा स्टीव्ह लॅमॉस ट्रम्पेट हाती घेतो, आणि ‘द समर एंड्स’मध्ये ती दुरून येणाऱ्या हाकेसारखी वाटते.

गायक माइक किन्सेलाचा आवाज मात्र पातळ आहे. शब्द तर विशीतल्या मुलाच्या रोजनिशीतले, अर्धवट माफी मागणारे. घराणेदार गायकी ऐकलेल्या माझ्या वडिलांनी दुसऱ्या गाण्यालाच ‘हा सुरात कधी येणार?’ असे विचारले. त्यांचे अगदीच चुकले नव्हते, पण शेवटचे ‘द वन विथ द वुर्लिट्झर’ हे केवळ वाद्यांचे गाणे लागले तेव्हा ते उठून गेले नाहीत.

नऊ गाणी आणि सुमारे ४१ मिनिटे असा हा ऐवज आहे. मोबाइलच्या स्पीकरवर दोन गिटारींचा एकच गोंगाट होतो, म्हणून हेडफोन लावावा. मी तो पावसाळ्यात, आयर्विन पुलाखालून कृष्णा गढूळ होऊन वाहत असताना घाटावर बसून ऐकला आणि आठ मिनिटांचे ‘स्टे होम’ संपले तरी उठावेसे वाटले नाही.