खासगी लिबरल आर्ट्‌स कॉलेज: 40 लाख वसूल होतात का?

लिबरल आर्ट्‌स म्हणजे एकाच शाखेत न अडकता वेगवेगळे विषय एकत्र शिकायची पदवी. ती देणारं सोनीपतचं अशोका विद्यापीठ काय किंवा पुण्याजवळचं फ्लेम काय, दोन्ही निवासी. त्यामुळे मुंबईकरांनी नुसती फी पाहू नये. हॉस्टेल, मेस, ये-जा सगळं धरा. वर्षाला 10 लाख धरले तरी चार वर्षांचे 40 लाख.

त्यातले 30 लाख कर्जाचे असतील तर गोची इथे होते: बँकेने पैसे सोडले त्या दिवसापासून व्याज चढतं. दरवर्षी साडेसात लाख उचलले, दर 10 टक्के, शिकताना काहीच भरलं नाही, तर पदवीपर्यंत सरळ व्याजच साडेसात लाख होतं. मग 10 वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे 49,500. व्याज वेळच्या वेळी भरत गेलात तर 39,600. पहिल्या नोकरीत, मुंबईत भाडं भरून, दोन्ही जडच.

मिळतं काय? तत्त्वज्ञानासोबत संगणकशास्त्र घेण्याची मोकळीक, लहान वर्ग, आणि निबंधावर ओळीन्‌ओळ शेरे. हे शेवटचं आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं. मुलं लिहायला शिकतात ती त्यानेच. रुईया, झेवियर्समध्ये अनुदानित बीएची फी काही हजारांत भागते, शिक्षकही उत्तम, पण भरल्या वर्गात प्रत्येकाच्या वहीला इतका वेळ कुठून देणार?

आमचं मत स्पष्ट आहे: निम्म्याहून जास्त फीमाफी मिळाली तर जरूर जा, पूर्ण कर्जावर नको. मदतीचा अर्ज प्रवेशअर्जासोबतच भरा आणि ती माफी चारही वर्षं टिकणार का, हे लेखी घ्या.