फोटो लहान करायला मेक की गल्प?

साइटचे फोटो बिल्डमध्येच, म्हणजे साइटच्या फायली आपोआप तयार होतात त्या टप्प्यातच, लहान करून घ्यायचे, हे एकदा ठरलं की प्रश्न साधनाचा उरतो. गल्प आणि मेक ही दोन्ही अशी कामं आपोआप करून देणारी साधनं. मी आधी गल्प वापरलं, आता मेक वापरतो. आमच्या दिवाळी अंकाच्या साइटवर साडेतीनशेच्या आसपास फोटो आहेत. त्याहून मोठ्या कामाचा मला अनुभव नाही.

सोय पाहिली तर गल्प उजवं. सगळं जावास्क्रिप्टमध्ये, फायलींवर लक्ष ठेवणं सोपं, विंडोजवरही विनातक्रार चालतं. मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकच्या सूचनांच्या फाइलमध्ये, टॅबऐवजी स्पेस पडली की गाडी अडते, आणि 'गणपती विसर्जन २.जेपीजी' अशी मोकळ्या जागांची नावं मेकला झेपत नाहीत. ती आधी बदलावीच लागतात.

माझा निर्णय मात्र एका गोष्टीने झाला. गल्पच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, फाइल वाचताना ती यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची प्रचलित पद्धत) मधला मजकूर आहे असं मुळातच गृहीत धरलं जातं. नुसते कॉपी होणारे आमचे पीएनजी लोगो त्यात सापडले. मजकुरात न बसणाऱ्या बाइट्सच्या जागी तीन-तीन बाइट्सचं बदली चिन्ह येतं. त्यामुळे आकार कमी करायला बसलो आणि फायली उलट फुगल्या, वर उघडेनात. बिल्डमध्ये एकही एरर नाही! वाचतानाच्या पर्यायांत एन्कोडिंग 'फॉल्स' केलं की प्रश्न मिटतो, हे खरं. पण चित्रं वाचणाऱ्या प्रत्येक टास्कमध्ये ते आठवणीने लिहायचं, आणि विसरलात तर कळणार अंक लागल्यावर. त्या अनुभवानंतर माझा जीव त्यात रमला नाही.

मेक १९७६ चं. ते फोटोच्या आत डोकावतच नाही. मूळ फाइल नवी की तयार फाइल, एवढं वेळेवरून बघतं आणि नाव चित्रं लहान-मोठी करणाऱ्या इमेजमॅजिक या प्रोग्रामकडे देतं. रुंदी १२००, क्वालिटी ८२. रुंदीपुढचं 'त्याहून मोठा असेल तरच' सांगणारं चिन्ह (>) अवतरणात ठेवा, नाहीतर शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, त्याला आउटपुट वळवण्याची खूण समजतो. एक फोटो बदलला तर एकच पुन्हा तयार होतो, आणि तेही दुसऱ्या दिवशी, मशीन बंद करून उघडल्यावर. गल्पमध्ये यासाठी वेगळं प्लगिन जोडावं लागलं होतं. क्वालिटी बदलल्यावर सगळे फोटो नव्याने व्हावेत असं वाटत असेल, तर मेकफाइललाच अवलंबनांच्या यादीत, म्हणजे ज्या फायली बदलल्या की काम पुन्हा होतं त्यांच्या यादीत, घाला.

टीममध्ये सगळे जावास्क्रिप्टवाले असतील, तर गल्प सोडा असं मी म्हणणार नाही. एकट्याने सांभाळायचं असेल, तर मेक एकदा लावून बघा.